शाळा उघडण्याआधीचे वीस दिवस

ठाण्यात मानपाड्याजवळच्या एका संकुलात राहणाऱ्या आईने विचारले आहे की, तिची सहा वर्षांची मुलगी यंदा पहिलीत जाणार आहे आणि मुलगा चौथी संपवून पाचवीत. दोघांची शाळा एकाच संस्थेची, नौपाड्याच्या बाजूची, मराठी माध्यमाची. मुलगी आतापर्यंत संकुलाच्या तळमजल्यावरच्या बालवाडीत जात होती. मुलाची शाळा तीच राहिली तरी इमारत, वेळ आणि तुकडी या तिन्ही गोष्टी बदलणार आहेत. गेल्या जूनपासून मुलगी तिथे दीड महिना रोज रडली. वडील ऐरोलीत नोकरीला, आई ठाण्यातच, आणि घरी मदतीला साताऱ्याहून आलेल्या आजी. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडेल, हातात वीसेक दिवस आहेत. तेवढ्यात मुलीची अक्षरे आणि अंक पक्के करून घ्यावेत का, आणि यंदा रडणे टाळण्यासाठी काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी ठाण्यातल्या प्राथमिक शाळेत सत्तावीस वर्षे शिकवले आणि त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापिका म्हणून दर जूनमध्ये सकाळी गेटशी उभी राहिले. तिथे उभे राहून जे दिसते त्यावरून उत्तर देते.

अक्षरे-अंकांचा भाग आधी बाजूला काढते, कारण त्याचे उत्तर लहान आहे: करून घेऊ नका. पहिलीच्या बाईंना अक्षरे शिकवायचीच असतात, त्यासाठी त्यांच्या हाती अख्खे वर्ष असते. घरी वीस दिवसांत घाईने गिरवून घेतलेल्या अक्षरांचा उपयोग फार होत नाही, पण पेन्सिल मुठीत आवळून धरायची सवय मात्र लागते आणि ती सोडवण्यात बाईंचे दिवाळीपर्यंतचे दिवस जातात. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच देऊ नये असे म्हटले आहे, तेव्हा शाळा सुरू होण्याआधीच गृहपाठ सुरू करण्याचे कारण नाही. पहिलीच्या बाईंना जूनमध्ये ज्याची खरी गरज असते ते वेगळेच असते. मुलीला दोन गोष्टी एकत्र सांगितल्या, म्हणजे ‘वही दप्तरात ठेव आणि रांगेत ये’, तर ती दोन्ही करते का? पाणी हवे, शू लागली, कोणी ढकलले, हे ती अनोळखी मोठ्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते का? चाळीस मुलांत आपली पाळी येईपर्यंत थांबते का? शेवटची गोष्ट घरात दोनच मुले असताना शिकवता येत नाही, पण संकुलाच्या बागेतल्या घसरगुंडीपाशी उत्तम शिकवता येते.

बोटांच्या तयारीसाठी आजी आहेतच. लसूण सोलणे, शेंगा फोडणे, तांदूळ-डाळीतले खडे निवडणे, कणकेचा गोळा मळणे यांनी बोटांना जी ताकद येते ती गिरवण्याच्या पुस्तकाने येत नाही. हा काही जुन्या बायकांचा हट्ट नव्हे. २०२२ पासून महाराष्ट्रातल्या शासकीय शाळांमध्ये ‘पहिले पाऊल’ या नावाने पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. तिथे शारीरिक, बौद्धिक, भाषिक, सामाजिक-भावनिक विकास आणि गणनपूर्व तयारी अशा टेबलांवरून मुलाला फिरवतात, आणि नंतर मातांचे गट करून घरातल्याच वस्तूंनी करायच्या कृतींची कार्डे देतात. तुमची शाळा त्यात नसली तरी हरकत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात त्यातले बहुतेक सगळे सामान आहे.

आता खरी तयारी. ती बरीचशी घरातल्या मोठ्या माणसांची आहे, आणि तिची सुरुवात घड्याळापासून होते.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. तुमच्या मुलाला आजवर त्याचा फायदा मिळाला असेल. पाचवीत तो त्या सवलतीबाहेर गेला. सकाळच्या अधिवेशनातली शाळा सातला भरत असेल तर मानपाड्याहून बस सहा-वीसच्या आसपास येईल, म्हणजे त्याला पावणेसहाला उठावे लागेल. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. पावणेसहातून नऊ तास वजा केले की रात्रीचे पावणेनऊ येतात. हा आकडा पाहून तुम्ही हसाल याची मला कल्पना आहे, कारण ऐरोलीहून निघालेले वडील अनेकदा त्याच सुमारास दार उघडत असतील. तरीही हिशेब टळत नाही.

मे महिन्यात मुले साडेआठला उठत असतील तर मुलाला पावणेतीन तास मागे यायचे आहे. ते एका रात्रीत होत नाही, आणि ‘शाळा सुरू झाली की आपोआप लवकर उठेल’ यावर विसंबलात तर पहिले दोन आठवडे तो वर्गात पेंगेल आणि दुपारी घरी येऊन चिडचिड करेल. दर दोन दिवसांनी वीस मिनिटे आधी उठवा. आठ टप्प्यांत, म्हणजे सोळा-सतरा दिवसांत, तुम्ही पावणेसहाच्या जवळ पोहोचता. आधी उठण्याची वेळ ओढायची, झोपण्याची वेळ मागोमाग येते. उलटे केले तर मूल अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहते आणि झोपेचा प्रश्न भांडणाचा होतो. उठल्याबरोबर खिडकीशी किंवा गच्चीवर उजेडात न्या. दुपारची दोन तासांची झोप या दिवसांत मुलाची बंद करा; मुलगी दमलीच तर तिला अर्धा तास आडवे होऊ द्या. रविवारी सातच्या पुढे झोपू देऊ नका, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिल्या पायरीवर. रात्री वडिलांची भेट होत नसेल तर ती सकाळी ठेवा: मुलाला बसपर्यंत सोडायला वडीलच गेले तर ती दहा मिनिटे दोघांचीच राहतात. अनेक घरांत ही व्यवस्था मी सुचवली आणि ती रात्रीच्या धावत्या भेटीपेक्षा बरी ठरलेली पाहिली.

शाळा उघडण्याच्या आठवड्यात दोन दिवस रंगीत तालीम करा. गणवेश, बूट, डबा, पाण्याची बाटली, दप्तर, सगळे घेऊन खरोखर घराबाहेर पडा आणि बसच्या थांब्यापर्यंत जाऊन या. कुठे किती वेळ जातो हे मनात धरलेले आणि प्रत्यक्ष निघणारे आकडे फार वेगळे असतात. घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींतली एक गोष्ट मला उशिराच कळली: पालक घरातून सहा-दहाला निघत आणि तरी बस चुकवत, कारण त्याच वेळी वीस मजल्यांची मुले, दूधवाले आणि फिरायला जाणारे आजोबा एकाच लिफ्टसाठी उभे असत. तालमीत लिफ्टची वाट धरून वेळ मोजा.

गणवेश मेच्या अखेरीलाच आणा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जांभळी नाक्याच्या दुकानांत मापाचा गणवेश मिळणे नशिबावर असते. आणल्यावर दोनदा धुवा, कारण नव्या कापडाची खळ पावसाळी दमटपणात मानेला टोचते, आणि कॉलरच्या आतले लेबल उसवून काढा. बूट आठवडाभर घरात घालू द्या.

डबा. इथे मी थोडी थांबते, कारण माझ्या नोकरीतली एक चूक यात आहे. पहिलीतला एक मुलगा सलग आठ दिवस भरलेला डबा घरी नेत होता. आईने पदार्थ बदलले, बाईंनी चिठ्ठी पाठवली, मीही त्याला ‘जेवत का नाहीस’ असे दोनदा विचारले. तो मान खाली घालून उभा राही. नवव्या दिवशी मी मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी बाकावर बसले. त्याने डबा काढला, चारही बाजूंच्या क्लिपा लावलेला, हवा-पाणी न जाणारा नवा महागडा डबा, आणि दोन्ही अंगठ्यांनी एक क्लिप वर ढकलायचा प्रयत्न केला. नखे पांढरी पडली, क्लिप हलली नाही. त्याने डबा शांतपणे पुन्हा दप्तरात ठेवला. आठ दिवस तो उपाशी होता आणि मदत मागायला लाजत होता. मी दोनदा विचारले होते, पण एकदाही बघितले नव्हते.

म्हणून मुलीला वीस दिवस दुपारचे जेवण तिच्या शाळेच्या डब्यातच द्या. डबा तिनेच उघडायचा, तिनेच बंद करायचा, बाटलीचे झाकण तिनेच फिरवायचे. घड्याळ लावून वीस मिनिटांत काय संपते ते बघा, कारण मधली सुट्टी साधारण तेवढीच असते आणि त्यातच हात धुण्याची रांग असते. पहिल्या आठवड्यात डब्यात नवे काही देऊ नका. पोळीचा रोल, थालीपीठ असे तिला न सांगता खाता येणारे, हातात धरता येणारे, गार झाल्यावरही चवीला बरे लागणारे द्या. भाजी-पोळीचे पौष्टिक बेत जुलैत करता येतील.

संडास-बाथरूमबद्दल घरी कोणी बोलत नाही आणि शाळेत निम्म्या रडण्याचे मूळ तिथे असते. तुमच्या घरी कमोड असेल आणि शाळेत भारतीय पद्धतीची शौचालये असतील तर मुलीला उकिडवे बसायची सवय आत्ताच करा. आजींच्या गावी जाणे झाले तर उत्तमच. चड्डीचे इलास्टिक तिला ओले हात असतानाही खाली-वर करता आले पाहिजे. कडी लावायला भीती वाटत असेल तर ‘दार लोटून घे, मैत्रिणीला बाहेर उभी कर’ असे सांगा. मागे एक मुलगी सकाळपासून घरी जाईपर्यंत रोखून धरायची आणि शेवटी तिला लघवीचा संसर्ग झाला. विचारल्यावर कळले की शेजारच्या टाकीतून पाणी पडण्याचा मोठा आवाज होतो म्हणून ती आत जात नव्हती. पालकसभेला जाल तेव्हा मुलीला घेऊन ती जागा एकदा दाखवून आणा. वर्ग दाखवण्याइतकेच ते महत्त्वाचे आहे.

आता रडणे. ते टळेलच असे मी सांगणार नाही. इमारत नवी, मुले नवी, घर लांब. रडणे साहजिक आहे आणि जे मूल पहिल्या दिवशी रडत नाही ते कधी कधी दुसऱ्या सोमवारी रडते. तुमच्या हाती आहे तो निरोप. गेटवर मी तीन प्रकारचे निरोप पाहिले. एक गुपचूप निसटण्याचा: मुलगी खेळण्याकडे बघते आहे तेवढ्यात आई दिसेनाशी होते. त्या दिवशी सोपे जाते, पण दुसऱ्या दिवसापासून मूल आईचा दुपट्टा सोडत नाही, कारण नजर हटली की आई जाते हे त्याला कळलेले असते. दुसरा लांबवण्याचा: पाच मिनिटे, अजून पाच, एकदा मिठी, पुन्हा मागे वळून मिठी, त्यात मुलाला वाटते की आईलाही ही जागा सुरक्षित वाटत नाही. तिसरा, आखूड आणि रोज तोच: एक मिठी, एक वाक्य, पाठ फिरवायची आणि वळून बघायचे नाही. वाक्यात वेळ घड्याळाची नको, घटनेची हवी: ‘मधली सुट्टी, मग गाणी, मग बस; थांब्यावर आजी.’ सहा वर्षांच्या मुलाला ‘दोन वाजता’ याचा अर्थ लागत नाही, पण ‘बसमधून उतरलीस की आजी’ याचा लागतो.

हा निरोपही घरी सरावाने येतो. या वीस दिवसांत तिला दोन-तीन वेळा दुसऱ्या कोणाकडे, मावशीकडे किंवा मैत्रिणीच्या घरी, आधी तासभर आणि मग अर्धा दिवस ठेवा. निघताना तेच वाक्य, तीच मिठी, आणि सांगितलेल्या वेळी हमखास परत. सोडायला कोण जाणार हेही आत्ताच ठरवा आणि पहिला महिना माणूस बदलू नका. ज्याला मुलीच्या रडण्याने स्वतःला रडू येते त्याने जाऊ नये. गेल्या वर्षी दीड महिना तुम्ही सोडत असाल तर यंदा वडिलांनी किंवा आजींनी सोडून बघावे, यात तुमच्या आईपणाचा कमीपणा नाही. गणपतीच्या सुट्टीनंतर रडणे दोन-तीन दिवस परत येईल, तेव्हा घाबरू नका.

आजींशी एक गोष्ट तुम्हीच, एकांतात आणि मानाने, बोलून घ्या. ‘आता शाळा उघडू दे, मग बाई बघतील तुला’ हे वाक्य प्रेमाने बोलले जाते, पण ते वीस दिवस ऐकलेले मूल पहिल्या दिवशी बाईंकडे शिक्षा करणारी म्हणून बघते. तसेच ‘रडू नको, आजी गेटवरच बसली आहे’ हे खोटे आश्वासन नको. मूल खिडकीतून बघते, आजी दिसत नाहीत, आणि उरलेला दिवस त्या शोधात जातो. त्याऐवजी आजींनी स्वतःच्या शाळेच्या गोष्टी सांगाव्यात: पाटी, पेन्सिल, पावसात भिजत चालत जाणे, गुरुजींची टोपी. आपल्या घरातले मोठे माणूसही कधी लहान होऊन शाळेत गेले होते, याचा मुलांना अपार आधार वाटतो.

मुलाचे प्रश्न मुलीपेक्षा कमी दिसतात आणि म्हणून मागे पडतात. चौथीत तो इमारतीतला सर्वांत मोठा होता. पाचवीत तो दहावीच्या मुलांमध्ये सर्वांत लहान आहे. एक वर्गशिक्षिका सगळे विषय शिकवत होत्या, आता दर तासाला वेगळे शिक्षक येतील आणि कोणालाही त्याचे घरचे नाव माहीत नसेल. तुकडी बदलल्याने जवळचा मित्र दुसऱ्या वर्गात गेला असेल, तर त्याची हळहळ ‘नवे मित्र होतील’ म्हणून उडवून लावू नका. त्या मित्राला सुट्टीत एकदा घरी बोलवा आणि मधल्या सुट्टीत कुठे भेटायचे हे दोघांनाच ठरवू द्या. दप्तर रात्री वेळापत्रक बघून त्यानेच भरायचे. जूनभर तुम्ही शेजारी बसा पण हात लावू नका, जुलैत फक्त विचारा, ऑगस्टपासून विचारूही नका. एखादी वही राहिली तर शाळेत धावत पोहोचवू नका. आणि बहिणीला सांभाळण्याचे काम त्याच्यावर टाकू नका. तिच्या आधी त्याची शाळा सुटणार आहे, बस वेगळी आहे, आणि त्याची स्वतःची नवी जागा शोधण्यातच त्याचा जीव दमणार आहे.

दप्तराचे वजन एकदा खरोखर करा. वर सांगितलेल्या दप्तर धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे: पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो. रिकामे दप्तर आणि भरलेली एक लिटरची बाटली यांतच त्यातला मोठा वाटा जातो. शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय बरी असेल तर अर्धी बाटली पुरते.

बसबाबत २०११ चे राज्याचे स्कूल बस नियम आहेत; बसमध्ये महिला मदतनीस असणे आणि शाळेत परिवहन समिती असणे त्यात अपेक्षित आहे. हे शाळेला विचारण्यात संकोच करू नका. मुलीला थांब्यावर कोण उतरवून घेईल त्यांची नावे आणि छायाचित्रे मदतनीस ताईंकडे द्या, आणि मुलीला सांगा की या माणसांखेरीज कोणीही आले, अगदी ओळखीचे वाटले तरी, बसमधून उतरायचे नाही. घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते माजिवडा या पट्ट्यात वाहतूक अडली की बस पाऊण तास उशिरा येते. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू असू द्या आणि शाळा सुटण्याआधी बाथरूमला जाऊनच बसमध्ये चढायचे, ही सवय लावा.

पावसाचा बेत वेगळा करा. जूनच्या मध्यात शाळा आणि पाऊस हातात हात घालून येतात. आदल्या रात्री किंवा अगदी सकाळी अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे सुट्टी जाहीर होते; त्या दिवशी घरी कोण थांबणार हे जुलैत भांडून ठरवण्यापेक्षा आत्ता कागदावर लिहा, कारण आजींवर सगळे टाकले तर त्यांचेही वय आहे. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, आमच्या शाळेत मुले रात्रभर राहिली. फोन बंद पडले होते आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना आईचे नाव ‘आई’ एवढेच सांगता येत होते. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला सांगत आले: पूर्ण नाव, पत्ता, तीन फोन नंबर आणि रक्तगट हाताने कागदावर लिहा, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात शिवून टाका. मुलीकडून तुमचे पूर्ण नाव आणि एक नंबर गाण्यासारखा पाठ करून घ्या. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, दप्तरावरून जाणारा. आणि ओला रेनकोट कुठे ठेवायचा यासाठी मोठी पिशवी.

आरोग्याचे थोडक्यात. पाच ते सहा वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर मुलीला आणि दहाव्या वर्षीची टीडी (धनुर्वात, घटसर्प) लस मुलाला मिळाली आहे का ते कार्डावर बघा. दोघांचे डोळे तपासून घ्या. ताप असताना शाळेत पाठवू नका, आणि औषध न देता चोवीस तास ताप आला नाही म्हणजेच बरे झाले असे समजा. हात-पाय-तोंडाला पुरळ येणारा आजार पावसाळ्यात लहान वर्गांतून भराभर पसरतो. दिसला तर लपवू नका, बाईंना कळवा.

वर्गशिक्षिकेशी पहिल्या दिवशी गेटवर बोलू नका, त्यांच्याभोवती तीस पालक असतात. त्याऐवजी अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या, जी त्या दुपारी शांतपणे वाचतील. ती अशी असली तरी पुरे: ‘हिला घरी सोनू म्हणतात. रडली तर पाठीवरून हात फिरवलेला आवडतो, उचलून घेतलेले आवडत नाही. शू लागली की सांगत नाही, पाय हलवते. शेंगदाण्याची ॲलर्जी नाही. गेल्या वर्षी स्थिरावायला दीड महिना लागला होता. बसला आजी येतात.’ अशी चिठ्ठी मला एखाद्या वर्षी दोन-तीनच मिळत, आणि त्या मुलांची नावे मी पहिल्याच आठवड्यात लक्षात ठेवत असे.

मुलगी घरी आली की आधी खायला द्या, मग वीस मिनिटे काही विचारू नका. ‘आज रडलीस का?’ हा प्रश्न घरातून हद्दपार करा. ‘काय शिकवले?’ याचे उत्तर ‘काही नाही’ असेच येते. ‘डबा खाताना शेजारी कोण होते?’, ‘बाईंच्या साडीचा रंग कोणता होता?’ असे विचारलेत तर त्यातून उरलेले आपोआप बाहेर येईल. नृत्य, अबॅकस, चित्रकला, कोणताही नवा क्लास गणपतीनंतर.

पहिल्या महिन्यातली सकाळची पोटदुखी बहुधा खरी असते आणि बहुधा आजाराची नसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करा. पण चार आठवड्यांनंतरही रोज उलटी, झोपेत दचकणे, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणे, वजन कमी होणे असे दिसले तर बालरोगतज्ज्ञ आणि शाळेचे समुपदेशक यांना गाठा. आणि मूल एखाद्या ठरावीक माणसाला किंवा जागेला अचानक घाबरू लागले, तर चार आठवडे थांबायचे नाही, त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जायचे. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असणे अपेक्षित आहे. तिची माणसे कोण हे पहिल्या पालकसभेतच विचारून ठेवा. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा क्रमांक फ्रिजवर चिकटवा.

राहिला तुमच्या रजेचा प्रश्न, जो तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता विचारला आहे. बहुतेक पालक पहिल्या दिवशी रजा घेतात. त्या दिवशी शाळेत फुगे असतात, फुले देतात, आणि तास-दोन तासांत मुले घरी येतात. तुमची गरज नसते. अर्ध्या दिवसाची रजा दुसऱ्या सोमवारी घ्या. तेव्हा नवलाई संपलेली असते, पूर्ण वेळाची शाळा सुरू झालेली असते, बहुधा पाऊस कोसळत असतो, आणि थांब्यावर आजींच्या शेजारी तुम्ही उभ्या असलेल्या तिला दिसलात तर बरे.